राडारोड्याचा हिशेब

मुंबईच्या उपनगरातली ही चार मजल्यांची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली आहे. पाडकाम सुरू होण्याआधीच दारे, खिडक्यांच्या चौकटी, ग्रिल आणि नळ जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने उतरवून नेले. घणाने स्लॅब फोडणारा हा कामगार वाकलेली सळईसुद्धा नीट बाजूला रचतो आहे, कारण भंगारात तिला किलोवर भाव मिळतो. उरलेल्या ढिगाला मात्र गिऱ्हाईक नाही. विटा, गिलावा, फरशीचे तुकडे, पीओपीचे छत आणि काँक्रीट एकाच डंपरमध्ये भरले जाते आणि तो डंपर रात्री अनेकदा खाडीच्या कडेला रिकामा होतो. खारफुटीची नासधूस म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगूनही अशी भरणी थांबलेली नाही.

नियम नाहीत, असे म्हणता येणार नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार दिवसाला 20 टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि पोलाद-लाकूड-प्लास्टिक असे चार भाग जागेवरच वेगळे करणे बंधनकारक झाले. या वर्गीकरणाला तांत्रिक कारण आहे. काँक्रीटमधल्या खडी-वाळूसाठीचे भारतीय मानक आय.एस. 383 याच्या 2016 च्या आवृत्तीनुसार जुन्या काँक्रीटपासून केलेली जाड खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत आणि एम-25 या ताकदीच्या श्रेणीपर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत वापरता येते. तीच खडी विटा आणि पीओपीत मिसळली, की तिचा उपयोग हलक्या प्रतीच्या कामांपुरता उरतो. पीओपीतले सल्फेट तर काँक्रीटला थेट घातक ठरते. म्हणजेच या मालाचे मोल पाडकामाच्या जागीच ठरते. पुनर्प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचल्यावर ते फारसे वाढवता येत नाही.

मुंबई महानगरपालिकेने दहिसर आणि शिळफाटा येथे प्रत्येकी रोज 600 टन क्षमतेची अशी केंद्रे उभारली आहेत. ही चांगली सुरुवात आहे, आणि तिथे स्वच्छ माल पोहोचावा यासाठी परवानगीचा कागदच सर्वांत प्रभावी साधन आहे. त्याचा अनुभव या शहराला आलेला आहे. कचराभूमींच्या दुरवस्थेमुळे 2016 मध्ये उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये सहा महिन्यांसाठी शिथिल केली, तेव्हा राडारोडा कुठे टाकणार हे आधी सांगावे आणि त्यासाठी बँक हमी द्यावी, अशा अटी घातल्या. परवानगीच अडते म्हटल्यावर प्रत्येक बिल्डरला त्या कागदाची दखल घ्यावी लागली.

1 एप्रिल 2026 पासूनचे केंद्राचे नवे नियम पुनर्वापराची जबाबदारी थेट राडारोड्याच्या उत्पादकावर, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्यावर टाकतात. हे पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु ही जबाबदारी 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांसाठी आहे. आपण पाहतो आहोत ती सोसायटी आणि तिच्यासारख्या असंख्य लहान भूखंडांवरच्या इमारती त्या मर्यादेच्या खाली राहतात. म्हणून पाडकामाची परवानगी देतानाच वर्गीकरणाचा आराखडा मागावा, आणि पुनर्प्रक्रिया केंद्राच्या वजनकाट्याची पावती जोडल्याशिवाय नव्या बांधकामाचे प्रारंभ प्रमाणपत्र देऊ नये. भूखंड लहान असला तरी ही अट शिथिल होता कामा नये.

मागणीची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सरकारी आणि पालिकेच्या कंत्राटांत 10 ते 20 टक्के सामग्री राडारोड्यापासून बनलेली असावी, हे 2016 च्या नियमांतच होते. पण अंदाजपत्रक तयार करणारा अभियंता दरसूची पाहून काम करतो. तिच्यात या खडीचा, पेव्हर ब्लॉकचा किंवा पदपथाच्या कडेच्या दगडाचा स्वतंत्र दर नसेल, तर ती वस्तू निविदेत येणार नाही, आणि निविदेत नसलेला माल ठेकेदार विकत घेणार नाही. हा दर लागू होईल, तेव्हा सळई रचून ठेवणारा हा कामगार काँक्रीटचे तुकडेही तितक्याच काळजीने वेगळे काढेल.