बेलाचा दरीपूल

श्रोतेहो, नमस्कार. आज एका पाडलेल्या पुलाविषयी बोलायचं आहे. नाव बेला. उत्तर इंग्लंडमधल्या पेनाइन डोंगरात स्टेनमोरची खिंड आहे. तिच्या पश्चिम उतारावर बेला नदीच्या खोल दरीवरून रेल्वे नेणारा हा लोखंडी पूल. लांबी 1,040 फूट, नदीपासून उंची 196 फूट. इंग्लंडमध्ये तेव्हा एवढा उंच पूल दुसरा नव्हता.

आसपास मेंढ्या, माळ आणि तुरळक वस्ती. मग इथे रेल्वे आणली कोणासाठी? कोकसाठी, म्हणजे लोखंड गाळायला लागणाऱ्या भाजलेल्या दगडी कोळशासाठी. पूर्वेच्या डरहॅम परगण्यात कोक मुबलक, तर पश्चिमेला कम्बरलंडच्या बाजूला उत्तम लोहखनिज. कोकने भरलेले वाघिणींचे ताफे डोंगर चढून पश्चिमेच्या झोतभट्ट्यांकडे जायचे आणि परतताना खनिज आणायचे. प्रवासी गाड्याही धावत, पण पोट भरायचं ते कोकवर.

या मार्गाचा अभियंता थॉमस बाउच. हे नाव काहींना ओळखीचं वाटेल. 28 डिसेंबर 1879 च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल धावत्या गाडीसकट कोसळला आणि गाडीतलं कोणीही वाचलं नाही. तो पूलही बाउचचाच. त्याच वर्षी राणीनं त्याला ‘सर’ केलं होतं. चौकशीत ठपका आला, आणि वर्षाच्या आत तो वारलाही. आजही त्याचं नाव निघतं ते त्या अपघातामुळेच.

पण बेलाही त्याचाच, आणि वीस वर्षं आधीचा! दोन्हीकडे ओतीव लोखंडाचे पोकळ खांब, वर घडीव लोखंडाच्या जाळीदार तुळया. वाराही दोन्हीकडे बेफाम. मग एक पडला आणि दुसरा उभा राहिला, तो कशामुळे?

माझ्या मते उत्तर सांध्यांत आहे. बेलाच्या खांबांना जिथे आडव्या तुळया भिडत, तिथे खांब लेथवर तासून गुळगुळीत केले होते. तुळयांची भोकंही तेवढ्याच काटेकोरपणे कोरलेली. तुळई खांबाला वेढून घट्ट बसायची. फटी बुजवायला कसलंही भरण लागलं नाही. शिवाय तिरपे ताण, म्हणजे खांबांना एकमेकांशी बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या, पाचरी ठोकून आवळले. आणि खांबांच्या प्रत्येक मनोऱ्याचा तळ रुंद, वर जाताना तो निमुळता होत गेलेला. वारा आडवा आला की हा पसारा कामी यायचा.

टेवर काय झालं? तिथे ताण अडकवायचे कान खांबाबरोबरच ओतलेले होते. ओतीव लोखंड दाब सोसतं, पण ओढ त्याला मानवत नाही. बोल्टची भोकंही ओतकामातच ठेवलेली, निमुळती. त्यांत बोल्ट सर्व बाजूंनी टेकायचाच नाही. ओतकामातल्या काही पोकळ्या तर मेण आणि लोखंडाचा कीस यांच्या लगद्यानं बुजवलेल्या! वाऱ्याच्या दाबाचा वेगळा हिशेब केला नव्हता, हे बाउचनं चौकशीत स्वतःच सांगितलं.

बेलाचं लोखंडकाम मिडल्सबरोच्या गिल्क्स विल्सन कंपनीनं केलं. सुटे भाग कारखान्यात तयार करून डोंगरावर जोडले, 60 फुटी 16 गाळे बसवले. 1861 च्या उन्हाळ्यात मार्ग सुरू झाला आणि पूल शंभर वर्षं वादळं, बर्फ आणि इंजिनांचा भार सोसत राहिला. अवजड इंजिनांना मात्र त्यावर बंदी असे.

अखेर घात केला तो वाऱ्यानं नव्हे, मालानं. मालवाहतूक 1960 मध्ये न्यूकॅसल-कार्लाइल मार्गाकडे वळवली गेली. प्रवासी तर मुळातच थोडे. लोकांचा विरोध झाला, तरी जानेवारी 1962 मध्ये शेवटची प्रवासी गाडी गेली, आणि 1963 मध्ये पूल उतरवून भंगारात काढला. बाउचच्या बाजूनं बोलू शकेल असा सर्वांत ठोस साक्षीदार असा वजनावर विकला गेला, याची मला चुटपुट वाटते.

याच मार्गावर बाउचचा डीपडेलचा लोखंडी पूल होता, तोही गेला. दगडी पूल मात्र वाचले. स्मार्डेल गिलचा 14 कमानींचा पूल एका न्यासानं दुरुस्त केला आणि आता त्यावरून पायी जाता येतं. बेलाच्या दोन्ही टोकांचे दगडी आधारही उभे आहेत. लोखंडाला भंगारात भाव मिळतो. दगड पाडायचा तर उलट खिशातले पैसे जातात.