दोघांचा मिळून एक कोयता

[दृश्य: दसऱ्यानंतरचा रस्ता. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. वर भांडी, पांघरुणं, ज्वारीची पोती, कोंबड्या, लेकरं.]

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे बीड, धारूर, पाटोदा, पाथर्डी या पट्ट्यात ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या पुष्कळ जोडप्यांचा संसार दोन ठिकाणी झाला. पावसाळा गावात, आणि दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडात. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला, त्यानंतर नगर, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे एकेक चिमणी उभी राहत गेली. ऊस बागायती मुलखात पिकत होता, तोडायला माणूस कोरडवाहू मुलखातून आला. तो जोडीनेच आला.

जोडीनेच का, हे फडात उभं राहिलं की कळतं. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने साळून मोळी बांधायची. एकट्याचं काम कायम मागे पडतं. म्हणून मुकादमाचा, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचा, हिशेबही जोडीचा. नवरा-बायको म्हणजे एक कोयता. एकटा आला तर अर्धा. भर पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादम उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम, द्यायचा. कागदावर अंगठा नवऱ्याचा. तिचा अंगठा कुणी मागितलाच नाही.

याच हिशेबाने पोराचं लग्न दिवाळीच्या आत उरकायची घाई व्हायची, घरात एक कोयता वाढतो म्हणून. कितीतरी मुली चौदाव्या-पंधराव्या वर्षी फडात उतरल्या त्या अशा.

[दृश्य: पहाट. कानशीवर घासलं जाणारं पातं. शक्य तितक्या जवळून.]

कोयत्याला सकाळी धार लावली नाही तर दिवस वाया जातो. बोथट पात्याने ऊस तुटत नाही, बुडात फाटतो. फाटलेल्या बुडख्यातून रस जातो आणि मागे राहिलेल्या खोडाला रोग धरतो. ऊस तोडायचा तो जमिनीला घासून. सगळ्यात जास्त साखर बुडाच्या कांड्यांत असते. चार बोटं वर तोडला तर तेवढी साखर रानातच राहते. शिवाय उंच राहिलेल्या बुडख्याला वरचे डोळे फुटतात, ते कोंब कमजोर निघतात आणि पुढच्या वर्षीचा खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवर येणारं पीक, बिघडतो. मग शेतकरी बांधावरून ओरडतो. शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यांत साखर जवळजवळ नसते, त्या गाळपात गेल्या तर साखरेचा उतारा पडतो. मग कारखान्याचा स्लिप बॉय, फडावर लक्ष ठेवणारा माणूस, ओरडतो. खालून आणि वरून, दोन्हीकडची बोलणी कोयत्यानेच खायची.

डाव्या हाताने दोन-तीन ऊस कवेत धरायचे, किंचित पुढे रेटायचे, कमरेत वाकायचं आणि उजव्या हाताने एक घाव. ऊस ताणावर असला की घाव स्वच्छ बसतो. सैल धरला तर पातं सटकतं आणि डाव्या नडगीवर किंवा बोटांवर येतं. जुन्या तोडकऱ्यांच्या डाव्या पायावरचे वण याचेच.

मागे ती. पाचट साळायचं, शेंडा उडवायचा, दहा-बारा ऊस एकत्र घ्यायचे आणि हिरव्या वाढ्याला, म्हणजे शेंड्याच्या पानांना, पीळ देऊन मोळी आवळायची. वाळलेलं पान घेतलं तर पीळ तुटतो आणि मोळी गाडीत चढताना सुटते. उसाच्या पानाची कड कापते, पानाच्या देठाजवळची कूस अंगात रुतते आणि दिवसभर खाजवते. म्हणून लुगड्यावर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट फडकं.

[दृश्य: ट्रकला लावलेली फळी. फक्त चढणारी पावलं.]

डोकी सेंटर असलं, म्हणजे ऊस डोक्यावरून वाहायचा असला, की गाडी बांधावर आणि ऊस आत. मोळी पंधरा किलोच्या आसपास भरते. बायका एका वेळी दोन, कधी तीन डोक्यावर घेतात आणि वीतभर रुंदीच्या फळीवरून ट्रकवर चढतात. जोडीने दिवसात दोन टन तोडले, तर सव्वाशेच्या वर मोळ्या झाल्या. दवाने फळी ओली असली की पाय घसरतो. गर्भारपणातही हे चालूच असायचं.

टायर सेंटरची, म्हणजे टायरच्या बैलगाडीने ऊस नेणाऱ्यांची, गोष्ट निराळी. गाडी भाड्याची, बैल स्वतःचे. रात्री तो गाडी घेऊन कारखान्यावर जायचा, वजनकाट्याच्या रांगेत बैलांच्या पुढ्यात वाढे टाकून गाडीखाली झोपायचा. कारखान्याच्या गव्हाणीत, जिथून ऊस गाळपाला आत जातो तिथे, गाडी खाली व्हायला कधी पहाट उजाडायची. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला नाही तर वजन घटतं, साखरही उतरते. दर टनावर, म्हणून रांगेत वाळलेल्या उसाचं नुकसान कोयत्याच्याही खिशातून.

रोख पैसा हंगामात हाती फार कमी. किराण्यापुरती खर्ची मुकादमाकडून मिळायची, तीही हिशेबात धरली जायची. वाढे विकून चार पैसे यायचे ते मात्र तिचे. मीठ-मिरची, लेकराचं औषध, सगळं त्यातून.

[दृश्य: कोप्यांची ओळ. संध्याकाळ.]

कोपी दोघं मिळून अर्ध्या दिवसात उभी करायची. कळकाचे बांबू वर एकत्र बांधायचे, त्यावर चटई, चटईवर पाचट. आत उभं राहता येत नाही. चूल नेहमी बाहेर, वाऱ्याची दिशा पाहून. पाचटाला ठिणगी पुरते आणि एक कोपी पेटली की ओळ वाचत नाही. अवकाळी पाऊस आला की अंथरूण, पीठ, सरपण सगळं एकदम भिजतं. त्याच्यावर काही उपाय नाही.

ती पहाटे तीनला उठायची, पाणी आणायचं, दोन्ही वेळच्या भाकरी थापायच्या. उजाडायच्या आत दोघं फडात. कामाचे तास मोजले तर तिचे नेहमीच जास्त भरतील.

एक दिवस चुकला की खाडा. खाड्याचे पैसे उचलीतून कापले जायचे, आणि आजारी एक असला तरी अडायचा अख्खा कोयता. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही. दुखणी अंगावर काढायची, आणि मग कुणीतरी पिशवी काढून टाकायचा सल्ला द्यायचा. 2019 मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला. बीड जिल्ह्यात 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाजगी दवाखान्यांनी घातलेली कॅन्सरची भीती, कर्ज आणि खाडा, तिन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली होती.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की हिशेब. उचल फिटली तर ठीक. फड कमी मिळाला, बैल दगावला, आजारपण निघालं, तर बाकी पुढच्या हंगामावर. पुष्कळ जोड्यांनी वीस-वीस, तीस-तीस हंगाम काढले ते या बाकीपायी. एरवी एकमेकांशी फारसं न बोलणारी माणसं ही. पण त्याचा घाव कुठे पडणार हे तिला न बघता कळायचं, आणि तिची मोळी मागे पडली की तो चार ऊस स्वतः साळायचा. इतक्या वर्षांच्या जोडीत हात आपोआप जुळतात.

[दृश्य: गाव. हिवाळ्यातली दुपार, बंद दारं.]

आता त्यांचे गुडघे आणि मणके गेलेत. दिवाळीनंतर गावात राहतात ती हीच माणसं, नातवंडं सांभाळत. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, सरळ सरीतला ऊस हार्वेस्टर तोडू लागलाय. पडलेला, गुंतलेला ऊस अजून कोयत्याकडेच येतो.

जोडीतला एक गेला की दुसरा अर्धा कोयता होतो. बाकी मात्र पूर्ण राहते. नवरा गेलेली बाई उचल मागायला गेली की मुकादम आधी विचारतो, सोबत कोण? भाऊ, दीर, पोरगा, कुणीतरी लागतंच. पोरगा तयार झाला, तर कोयता त्याच्या नावावर लागतो.