पाचव्या नंबरची पोरं

नमस्कार श्रोतेहो.

मोटारींच्या कारखान्यांमुळे डेट्रॉईटच्या आसपास मराठी माणसं बरीच आहेत. त्यांतलाच मी एक. इथं आल्यावर क्रिकेटचा उपास सोडायला बास्केटबॉल बघायला लागलो, आणि नशिबी संघ आला तो डेट्रॉईट पिस्टन्स. तीनदा अजिंक्यपद मिळवलेला, पण शेवटचं 2004 साली.

2023 चा हंगाम आठवतो. पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकले आणि मग सलग 28 हरले. एकाच हंगामात इतके सलग पराभव एनबीएत, म्हणजे इथल्या बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, तोवर कुणाच्या वाट्याला आले नव्हते. अख्खा नोव्हेंबर कोरडा. प्रेक्षक मालकाच्या नावानं ओरडायचे, "संघ विका!" शेवटी 30 डिसेंबरला टोरांटोला 129-127 हरवलं. मी सोफ्यावर चढून उभा राहिलो. बायको स्वयंपाकघरातून डोकावली. "फायनल होती का?"

हंगाम संपला 14 विजय आणि 68 पराभवांवर. तरी आम्हा चाहत्यांना एक आशा होती, ड्राफ्टची. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वाटणी. तळाच्या संघांना आधी निवडायला मिळावं, ही मूळ कल्पना. पण कुणी मुद्दाम हरू नये म्हणून सोडत काढतात, आणि त्या वर्षांत तळाच्या तिघांनाही पहिल्या नंबराची संधी सारखीच होती, 14 टक्के. 2021 मध्ये आम्हाला पहिला नंबर लागला आणि केड कनिंगहॅम आला. त्यानंतर सलग तीन वर्षं पाचवा नंबर! जेडन आयव्ही, ऑसार थॉम्पसन, रॉन हॉलंड, तिघंही पाचवे. त्यांतल्या दोन वर्षी तर आम्ही साऱ्या लीगच्या तळाशी होतो. नापास व्हायचं पहिल्या नंबरानं आणि बक्षीस घ्यायचं पाचवं.

म्हणून मला वाटतं, आमचं घर सोडतीनं सावरलं नाही. घरात वडीलधारं कुणी नव्हतं, तेच दुखणं होतं. 2024 च्या उन्हाळ्यात कोच बदलला, जे. बी. बिकरस्टाफ आले. टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर, मलिक बीझली हे मुरलेले गडी आले. यांतला एकही कुणी भिंतीवर पोस्टर लावावा असा नव्हे. पण लांबून चेंडू टाकणारी माणसं भोवती उभी राहिल्यावर केडला आत घुसायला वाट मिळाली. पोरं तीच, आणि विजय 14 वरून 44!

प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, न्यूयॉर्क निक्सशी गाठ पडली. आधी चार सामने जिंकेल तो पुढे. दुसरा सामना त्यांच्याच मैदानावर 100-94 जिंकला. 2008 पासून प्लेऑफमध्ये एकही विजय नव्हता, पंधरा पराभव साचले होते. चौथा सामना मात्र अजून खुपतो. एका गुणानं मागे, शेवटचा क्षण, कोपऱ्यातून हार्डवेनं चेंडू टाकला, निक्सचा खेळाडू त्याच्यावर आदळला, शिट्टी वाजलीच नाही. 94-93 नं हरलो. सामना संपल्यावर पंचांनी कबूल केलं, फाउल होता. त्या कबुलीचं काय लोणचं घालायचं? सहाव्या सामन्यात गाशा गुंडाळला.

मग 2025 च्या उन्हाळ्यात हार्डवे डेन्व्हरला गेला. त्याच्या जागी डंकन रॉबिन्सन आणि कॅरिस लेव्हर्ट आले, दोघंही मिशिगन विद्यापीठात खेळलेले, म्हणजे घरचेच. पायाचं हाड मोडून अर्धा हंगाम बसलेल्या आयव्हीची केडबरोबर जोडी जमते का, हे तेव्हा बघायचं होतं. थॉम्पसन बचावात वाघ आहे, पण लांबून नेम लागत नाही. मला घाई नाही.

आमच्या शनिवारच्या पोह्यांच्या बैठकीत एका मित्राला मात्र घाई आहे. त्याचं म्हणणं, दोन-तीन पोरं देऊन एक तयार स्टार आणा, केडचं उमेदीचं वय वाया घालवू नका. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, हे मी त्याच्यासमोर कबूल करत नाही. परवा विचारलं, "बरं, देतोस कुणाला?"

"जेलन डुरेन," तो पटकन म्हणाला. डुरेन हाही आमच्या तरुण पोरांतलाच.

त्याचा आठ वर्षांचा मुलगा शेजारीच पोह्यातले दाणे वेचत होता. अंगात डुरेनची जर्सी. त्यानं मान वर करून बापाकडे पाहिलं.

"डुरेन राहू दे," मित्र म्हणाला. "दुसरं नाव सुचव."