सीआरपी वाढलाय, म्हणजे नेमकं काय?

नमस्कार. हा कागद बघा. सीआरपी ४८, आणि शेजारी ठळक अक्षरात 'हाय'. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, असे रिपोर्ट घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येत होते आणि पाठोपाठ एकच विचारणा: "रेमडेसिवीर कुठे मिळेल?" सगळे घाबरलेले होते. पण हा ४८ सांगतो तरी काय?

सीआरपी, म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-६ हे प्रतिकारशक्तीचं निरोप्या प्रथिन यकृताला निरोप देतं, आणि सीआरपी वाढतो. १९३० साली तो सापडला तोही न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात. पण दाढेत पू झाला तरी तो वाढतोच. आग लागलीय एवढं तो सांगतो, कुठे लागलीय ते नाही.

कोविडमध्ये त्याला महत्त्व आलं ते आजाराच्या दुसऱ्या आठवड्यामुळे. काही रुग्णांत तेव्हा आपलीच प्रतिकारशक्ती फुप्फुसावर उलटते. सीआरपी आणि रक्तातले फेरिटिन, एलडीएच हे आकडे चढतात, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी उतरतात. वुहानमधल्या १९१ रुग्णांच्या अभ्यासात, दाखल होताना डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची खूण) प्रति मिलिलिटर १ मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्यांना मृत्यूचा धोका कितीतरी जास्त दिसला.

पण ते सगळे दाखल झालेले रुग्ण होते! घरी तापाच्या तिसऱ्या दिवशी असलेल्या माणसाला तीच पट्टी लावायची नसते. आपल्याकडे ती लावली गेली, नुसत्या आकड्यावर स्टेरॉइड सुरू झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचवले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा झाला नाही. इंटरल्युकिन-६ ला अडवणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधाच्या तिथल्या चाचणीतही सीआरपी ७५ किंवा जास्त, आणि ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली किंवा रुग्ण ऑक्सिजनवर, अशा दोन्ही अटी होत्या. दाखल रुग्णाचा मृत्यूचा धोका सांगणाऱ्या ब्रिटनच्याच '४सी' स्कोअरमध्ये आठ गोष्टी मोजतात. त्यांत रक्तातल्या दोनच, युरिया आणि सीआरपी. बाकी वय, जुने आजार, श्वासाची गती, ऑक्सिजन, अशा.

आणि एकक बघा हं. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. इथला ४८ तिथे ४.८ होतो. लॅब बदलली की "अरे वा, उतरला" म्हणण्याआधी एवढं तपासा.

रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवताना कोपऱ्यात पेनानं दोन गोष्टी लिहा: तापाचा कितवा दिवस, आणि आत्ता ऑक्सिजन किती. ऑक्सिजन घसरत असेल, धाप लागत असेल, तर रिपोर्टची वाट बघू नका. थेट हॉस्पिटल गाठा.