बेक जी-यंग : मालिकेतल्या चेहऱ्यांमागचा आवाज

(आरंभीचे दृश्य : रात्रीचे सोल शहर, हान नदीवरील पुलांचे दिवे. पार्श्वभूमीला केवळ पियानो.)

मालिकेचे गाणे म्हटले की मराठी प्रेक्षकाला भागाच्या आरंभी वाजणारे शीर्षकगीत आठवते. कोरियन मालिकेत गाण्याची खरी जागा बहुधा शेवटाकडे असते. नायक-नायिकेची ताटातूट झालेली असते, संवाद थांबलेले असतात, कॅमेरा एखाद्या चेहऱ्यावर स्थिरावलेला असतो आणि तेव्हा पियानोचे चार स्वर ऐकू येतात. मालिका आठवड्यातून दोन दिवस दाखवली जाते, आणि तिची गाणीही सगळी एकदम न येता भाग 1, भाग 2 अशी एकेक करून प्रकाशित होतात. त्यामुळे प्रसंग मनात ताजा असतानाच ते गाणे प्रेक्षकाच्या फोनवर पोहोचलेले असते. गाणारी व्यक्ती मात्र पडद्यावर कोठेच नसते. मालिकांच्या अशा गाण्यांना कोरियात 'ओएसटी' म्हणतात, आणि ज्या थोड्या गायिकांना तेथील वृत्तपत्रे 'ओएसटीची राणी' म्हणतात, त्यांत बेक जी-यंग यांचे नाव अग्रभागी आहे.

1976 साली जन्मलेल्या बेक जी-यंग यांची सुरुवात विरहगीतांनी झाली नव्हती. 1999 साली त्यांचा पहिला संग्रह आला तेव्हा त्या लॅटिन ठेक्यावर नाचत गाणाऱ्या गायिका होत्या, आणि 2000 सालच्या 'डॅश' या गाण्याने त्यांना घरोघरी पोहोचवले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या संमतीवाचून चित्रित केलेली एक खासगी चित्रफीत इंटरनेटवर पसरली. कोरियात घरोघरी वेगवान इंटरनेट नुकतेच पोहोचू लागले होते, आणि त्या वेगाचा पहिला मोठा तडाखा ज्यांना बसला त्यांत ही गायिका होती. अन्याय त्यांच्यावर झाला होता, तरी पत्रकारांसमोर उभे राहून रडण्याची वेळही त्यांच्यावरच आली आणि मंचही त्यांच्यापासूनच दुरावला. त्या काळातील वार्तांकन आज पाहिले, तर लाज कोणाला वाटायला हवी होती, याविषयी शंका उरत नाही. पुढच्या काही वर्षांत त्यांचे आणखी दोन संग्रह आले. पहिले यश मात्र परतले नाही.

ते परतले 2006 साली, आणि तेही नाचाशिवाय. पाचव्या संग्रहातील 'सारांग आन हे', म्हणजे 'प्रेम करणार नाही', हे संथ गाणे दूरचित्रवाणीवरील संगीत कार्यक्रमांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. कोरियन बॅलड ही तशी ठरलेल्या घाटाची रचना असते: पियानोवर हलकी सुरुवात, दुसऱ्या कडव्यात तंतुवाद्यांची भर, शेवटाकडे वर चढणारा सूर आणि मग एकदम शांतता. हा घाट इतका परिचित आहे की त्यात सारा भार गळ्यावर पडतो. बेक जी-यंग यांचा गळा किंचित घोगरा आहे. त्या शब्दाच्या शेवटी श्वास सोडतात तेव्हा आवाजाला हलका तडा जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की पुढची ओळ कदाचित गायलीच जाणार नाही. वरचे स्वर याहून सहज लावणाऱ्या गायिका कोरियात अनेक आहेत, पण हा तडा त्यांच्याकडे नाही.

2008 सालच्या 'गोळी लागल्यासारखे' या गाण्याने ही ओळख पक्की झाली. छातीला भोक पडल्याची आणि त्यातून आठवणी वाहत असल्याची कल्पना करणारे हे गाणे बांग शी-ह्योक यांचे. पुढे बीटीएस या गटामुळे जगभर नाव झालेल्या कंपनीचे संस्थापक ते हेच. पण त्या वेळी बीटीएसच्या पदार्पणाला अजून पाच वर्षे अवकाश होता. बेक जी-यंग यांनी नाचही पूर्णपणे सोडला नव्हता. 2009 साली टूपीएम गटातील टेक-यॉन याच्यासोबत गायलेल्या खट्याळ नृत्यगीतानेही मोठी लोकप्रियता मिळवली.

(दृश्य : सोलमधील ग्वांगहवामुन चौक.)

त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर शहराच्या मध्यावरील हा चौक काही तासांसाठी बंद ठेवण्यात आला, कारण येथे 'आयरिस' या मालिकेतील गोळीबाराचा प्रसंग चित्रित व्हायचा होता. ली ब्युंग-हून आणि किम ते-ही यांच्या भूमिका असलेली ही 20 भागांची मालिका उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या गुप्तहेरांची कथा सांगत होती. धावपळ, स्फोट आणि विश्वासघात यांच्या मधोमध बेक जी-यंग यांचे 'इत्जी मारायो', म्हणजे 'विसरू नका', हे गाणे येई आणि शस्त्रांची मालिका काही क्षण प्रेमकथा होऊन जाई.

पुढच्या वर्षी 'सीक्रेट गार्डन' आली. लेखिका किम उन-सुक यांच्या या कथेत श्रीमंत नायक आणि चित्रपटांत धोक्याची दृश्ये करणारी नायिका यांच्या शरीरांची अदलाबदल होते. त्यासाठी बेक जी-यंग यांनी 'ती स्त्री' हे गीत गायले. कोणीतरी आपल्यावर मनापासून प्रेम करते आहे, पण आपल्याला ते ठाऊकच नाही, एवढाच त्याचा आशय. नंतर नायकाची भूमिका करणाऱ्या ह्यून बिन यांनी तेच गीत 'तो पुरुष' म्हणून गायले. चाल तीच राहिली आणि 'स्त्री'च्या जागी 'पुरुष' आला. कथेतील अदलाबदल अशी गाण्यातही उतरली. मालिका आणि गीत एकमेकांत इतके मुरल्याचे उदाहरण क्वचितच सापडते.

2011 साली 'मी गायक आहे' या स्पर्धात्मक कार्यक्रमाच्या पहिल्या सात गायकांत त्या होत्या. 500 श्रोत्यांचे परीक्षक मंडळ तेथे गायकांना मते देत असे. त्या कार्यक्रमात त्या फार काळ थांबल्या नाहीत, आणि मालिकांची गाणी चालूच राहिली. ऐतिहासिक मालिकांतही त्यांचा आवाज ऐकू आला. 2018 साली किम उन-सुक यांच्याच 'मिस्टर सनशाइन'मध्ये, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील जोसोन राज्याच्या, म्हणजे तेव्हाच्या अखंड कोरियाच्या, कथेतही तो होता.

(दृश्य : प्योंगयांग, पूर्व प्योंगयांग भव्य नाट्यगृहाचा दर्शनी भाग.)

त्याच वर्षी 1 एप्रिल रोजी दक्षिण कोरियाचे कलापथक उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग येथील मंचावर उभे राहिले. दक्षिणेच्या कलाकारांचा तेथे असा कार्यक्रम दहाहून अधिक वर्षांनी होत होता आणि त्याचे नाव होते 'वसंत येत आहे'. चो योंग-पिल यांच्यासारख्या ज्येष्ठ गायकापासून रेड वेल्व्हेट या तरुणींच्या गटापर्यंत अनेक जण त्यात होते, आणि प्रेक्षकांत उत्तर कोरियाचे सर्वोच्च नेते किम जोंग-उन बसले होते. बेक जी-यंग यांनी प्रथम 'गोळी लागल्यासारखे' गायले. ज्या देशात दक्षिणेच्या मालिका पाहणे हा गुन्हा आहे आणि तरीही त्या चोरवाटांनी सीमा ओलांडतात, तेथील तरुणांमध्ये हे गाणे प्रिय असल्याच्या बातम्या दक्षिणेतील वृत्तपत्रांनी दिल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी 'विसरू नका' गायले. दोन्ही कोरियांच्या हेरांना एकमेकांवर बंदुका रोखायला लावणाऱ्या मालिकेचे ते गीत होते. या वेळी मागे ना नायक होता, ना नायिका, ना ग्वांगहवामुनचा गोळीबार. मालिकेत जो चेहरा कधीच दिसला नव्हता तो आता दिव्यांच्या प्रकाशात होता, आणि समोरच्या खुर्च्यांवरील लोकांनी हे गाणे यापूर्वी कोठे ऐकले आहे काय, हे त्यांना त्या सभागृहात कोणी विचारणार नव्हते.

(गाण्याचा शेवटचा स्वर. टाळ्या. दृश्य अंधारात विरते.)