गाणी वाजवणाऱ्या अ‍ॅपला ब्रेकपर्यंतची वाट कशी सापडते

सुरुवात 2015 पासून करू. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी हायवेवर धावणारी जीप चेरोकी दूरवरून, मोबाइल नेटवर्कमार्गे ताब्यात घेऊन दाखवली आणि कंपनीला सुमारे 14 लाख गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. बातम्या इंजिन आणि ब्रेकच्या झाल्या. गाडीच्या स्क्रीनवरच्या अ‍ॅपला कोंडून कसं ठेवायचं हे आज बघायचंय, म्हणून आपल्या कामाचं आहे ते मधल्या वाटेत.

डॅशबोर्डच्या स्क्रीनमागे एक संगणक असतो. त्यातले प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ते डी-बस नावाच्या निरोप्यावरून. हे बोलणं घरातल्या घरात राहायला हवं. त्या गाडीत ते 6667 क्रमांकाच्या पोर्टवर बाहेर उघडं होतं, आणि तू कोण असं विचारणारं कुणी नव्हतं. त्यातच एक सेवा अशी, की दिलेली कुठलीही कमांड चालवायची. एवढ्याने स्क्रीन हातात आला, गाडी नाही. कारण इंजिन, ब्रेक वगैरे भाग जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती कॅन बस जोडलेली होती व्ही-850 नावाच्या दुसऱ्या चिपला. पण त्या चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिच्यात भरलेला प्रोग्राम, स्क्रीनच्या संगणकातूनच बदलता येत होतं, तेही बनवणाऱ्याची डिजिटल सही न तपासता. म्हणजे दारं तीन होती आणि कुलूप एकालाही नव्हतं. त्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टम होती क्यूएनएक्स. आज मी बोलतोय लिनक्सबद्दल. या चुका तिथेही अगदी अशाच करता येतात.

म्हणून पहिलं गृहीतक: अ‍ॅप फुटणारच. ब्लूटूथवरून येणारी नावं, यूएसबीवरच्या गाण्यांची कव्हरं, वेब पानं, असा सगळा परका माल ते उलगडत बसतं. प्रश्न एवढाच, की फुटल्यावर त्याचा हात कुठवर पोचतो.

प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा वेगळा युजर द्या, रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, तर कुणालाच नको. लिनक्सवर सेवा सुरू करतो आणि सांभाळतो तो सिस्टम-डी. अ‍ॅप त्याची सेवा म्हणून चालत असेल, तर त्या सेवेच्या सेटिंगच्या, म्हणजे युनिट फाइलमध्येच बरंच काम होतं: ‘नो-न्यू-प्रिव्हिलेजेस’ चालू (नवे अधिकार मिळवता येत नाहीत), केपेबिलिटीची, म्हणजे रूटच्या सुट्या अधिकारांची, यादी रिकामी, ‘प्रोटेक्ट-सिस्टम’ स्ट्रिक्टवर (फाइली फक्त वाचता येतात), आणि मेमरीला कमाल मर्यादा. ही मर्यादा लोक सुरक्षेत धरत नाहीत. पण गाण्यांच्या अ‍ॅपने सगळी मेमरी खाल्ली आणि कर्नलने जागा करायला मागच्या कॅमेऱ्याचा प्रोग्राम मारला, तर रिव्हर्स घेणाऱ्या माणसाला कारण कोणतं याने काय फरक पडतो?

आता ज्या गोष्टीवर अनुभवी लोकही फसतात ती. लिनक्सवर कॅन हा नेटवर्कसारखाच दिसतो; सॉकेट, म्हणजे बोलायचं तोंड, उघडायचं आणि फ्रेम, म्हणजे एक छोटा संदेश, पाठवायची. इथरनेटवर कच्चे संदेश थेट पाठवणाऱ्या रॉ सॉकेटला खास परवानगी लागते, म्हणून आपण धरून चालतो की कॅनलाही लागत असेल. लागत नाही. साधा युजर ‘कॅन-0’ या कॅनच्या इंटरफेसवर हवी ती फ्रेम टाकू शकतो, त्यामुळे रूट काढून घेतलं एवढ्याने काहीच बंद होत नाही. त्यासाठी युनिट फाइलच्या ‘रिस्ट्रिक्ट-अ‍ॅड्रेस-फॅमिलीज’ या ओळीत सॉकेटची फक्त लागतील ती कुळं (अ‍ॅड्रेस फॅमिली) ठेवा: स्थानिक बोलण्यासाठी युनिक्स, आणि इंटरनेट खरंच लागत असेल तरच आयपी. ज्याला नेटवर्क मुळीच नको, त्याला ‘प्रायव्हेट-नेटवर्क’ द्या. मग त्याला कॅनचा इंटरफेस दिसतच नाही. फाइलच्या पत्त्यावर असलेलं डी-बसचं सॉकेट तरीही चालू राहतं, त्यामुळे ‘मग बोलायचं कसं’ ही सबब चालायची नाही.

डी-बसवर आधी सगळं नाकारा, मग एकेक मेथड, म्हणजे सेवेला करता येणारी एकेक विनंती, नावानिशी उघडा. एसीच्या अ‍ॅपला ‘तापमान 22 कर’ एवढं म्हणता आलं पाहिजे, ‘ही फ्रेम पाठव’ असं म्हणता येता कामा नये. फ्रेम बनवणारी सेवा एकच असावी, आणि तिने आलेला आकडा मर्यादेत आहे का हे तपासावं.

एसई-लिनक्सबद्दल थोडक्यात; कोणता प्रोग्राम कशाला हात लावू शकतो याचं धोरण लिनक्सवर तो पाळायला लावतो. धोरण लिहिताना ते परमिसिव्ह (अडवायचं नाही, फक्त नोंदवायचं) ठेवतात, नकारांचा लॉग जमवतात आणि ऑडिट-टू-अलाउ या साधनाकडून त्या लॉगवरून नियम बनवून घेतात. ते नियम न वाचता डकवले, तर अ‍ॅपची आजची प्रत्येक वाईट सवय कायद्यात बसते. आणि परमिसिव्हचं एन्फोर्सिंग (खरंच अडवणारं) करायचं विसरून गाडी कारखान्याबाहेर पडली, तर उरतो तो फक्त लॉग.

स्क्रीन आणि कॅन बस यांच्यामध्ये राखणदार, म्हणजे गेटवे, हवाच, वेगळ्या मायक्रोकंट्रोलरवर: कोणत्या आयडीच्या फ्रेम, कोणत्या दिशेने, सेकंदाला किती जाऊ द्यायच्या ते तो ठरवतो. त्याचं फर्मवेअर त्याने स्वतः सही तपासूनच स्वीकारावं. जीपमध्ये नेमकं हेच नव्हतं. जुन्या कॅनच्या फ्रेममध्ये पाठवणाऱ्याची ओळख नसते आणि माल मावतो 8 बाइट. ऑटोसार या गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या मानकातल्या सेकॉकने ओळख जोडता येते, पण त्याच्या पहिल्या प्रोफाइलमध्ये 24 बिटांचा ओळखीचा शिक्का आणि जुना संदेश पुन्हा खपू नये म्हणून 8 बिटांचा ताजेपणाचा आकडा, म्हणजे निम्मी फ्रेम त्यातच जाते. म्हणून हे सरसकट नाही, ब्रेक-स्टिअरिंगच्या संदेशांना आधी.

अ‍ॅपवरची सही तपासताना एक गॅरेजी अडचण येते. बॅटरी काढली की घड्याळ 1970 ला जातं, प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ठरतं आणि सगळी अ‍ॅप बंद. मग कुणीतरी वैतागून तारखेची तपासणीच काढून टाकतं. त्यापेक्षा इमेज, म्हणजे गाडीत भरायचं अख्खं सॉफ्टवेअर, बांधल्याच्या तारखेच्या मागे घड्याळ जाऊ देऊ नका. आणि सही खरी असली तरी आवृत्ती जुनी, भोकाची असू शकते. त्यासाठी मागे न फिरणारा आवृत्तीचा आकडा सुरक्षित साठवणीत ठेवा.

शेवटी चाचणी. बरेच जण कन्सोलवर अ‍ॅपच्या युजरचं रूप घेऊन ‘कॅन-सेंड’ ही फ्रेम पाठवणारी कमांड चालवतात, फ्रेम निघून जाते, आणि म्हणतात सँडबॉक्स, म्हणजे हे सगळं कोंडणं, चालतच नाही. सँडबॉक्स असतो युनिटला, युजरला नव्हे. त्याच युनिटमध्ये अ‍ॅपच्या जागी तात्पुरता ‘कॅन-सेंड’ ठेवून सेवा सुरू करा. अ‍ॅड्रेस फॅमिली चालत नाही अशी एरर आली तर बंधन लागलंय. फ्रेम गेली, तर युनिट फाइल उघडून त्या ओळीचं स्पेलिंग आधी बघा. न ओळखलेली ओळ सिस्टम-डी लॉगमध्ये एक इशारा टाकून सोडून देतो आणि सेवा खुशाल चालू करतो.