गडग्याखालची वस्ती

[सकाळ. चिऱ्यांचा जुना गडगा, त्याच्या पायाशी उघडी माती. लांबून मुलांचा आवाज.]

फोंडा तालुक्यातल्या या वाड्यावर पाऊस ओसरला की मुलं दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या सांगाड्यामागे लागतात. गवत कापून झालेलं असतं, गडग्याच्या कडेची जमीन पायांखाली तुडवून टणक झालेली असते. तिथेच जरा खाली बसूया. सावली मातीवर पडू देऊ नका, एवढंच सांभाळा.

मातीत पेन्सिल जेमतेम जाईल अशी भोकं दिसतील. प्रत्येकाभोवती चाळणीतून काढल्यासारखी बारीक माती. वाटतं मुंग्यांचीच. पण थांबा, एका भोकात डोकं दिसतंय.

[जवळून: माशी बाहेर येते.]

बाहेर आली, पण सरळ उडून गेली नाही. भोकाकडे तोंड करून ती हवेत डावीकडे-उजवीकडे झोके घेतेय, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. घराची खूण ती डोक्यात पक्की करते आहे. हा खडा, ती काटकी, गडग्याची कड. परत येताना याच खुणांवरून ती दार शोधणार. मधल्या वेळात कुणी तिथे खराटा फिरवला, खडा हलला, की ती दाराच्या वरच घिरट्या घालत राहते.

ही मधमाशीच्याच गोतातली. पण सातेरीसारखी ढोलीत किंवा आग्यासारखी उंच फांदीवर पोळं करून राहणारी नव्हे. जगात माश्यांच्या या गोतात सुमारे २०,००० जाती आहेत. त्यातल्या बहुतेक एकेकट्या संसार करतात आणि त्यातल्याही बऱ्याचशा जमिनीत. राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठा नाही. बिळं शेजारी-शेजारी असली तरी सहसा प्रत्येकीचा कारभार वेगळा. खणायचं तिनेच, अन्न आणायचं तिनेच.

हिच्या पोटावरचे पट्टे पाहा, उन्हात मोत्यासारखे हिरवट चमकतात. ही नोमिया गटातली. मागच्या पायांच्या केसांत पिवळे पराग ठासून भरलेत. आत बोगद्याच्या बाजूला ती एकेक लहान खोली कोरते, भिंती गुळगुळीत करते आणि अंगातून येणाऱ्या स्रावाचा लेप देते. या लेपामुळे पाणी आत झिरपत नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा मुलखात जमिनीखाली पिल्लं ठेवायची तर लेप हवाच. पराग आणि मकरंद मळून केलेल्या गोळ्यावर ती एक अंडं घालते, खोली बंद करते आणि पुढची खणायला घेते. अळी तोच गोळा खाऊन वाढते. एक विलक्षण गोष्ट इथेच घडते: फळलेल्या अंड्यातून मादी होते, न फळलेल्यातून नर, आणि कुठलं अंडं फळू द्यायचं हे आईच्या हातात असतं.

[गडग्याच्या सांध्यांवरून कॅमेरा सरकतो.]

आता नजर वर घ्या. जुन्या गडग्यात चिऱ्यांच्या मध्ये सिमेंट नाही, माती आहे. त्या मातीत निळ्या पट्ट्यांची माशी राहते, शास्त्रीय नाव अमेजिला. तिला पाहायचं तर तुळशीजवळ उभं राहा. मंजिरीसमोर ती क्षणभर हवेत थबकते, लांब सोंड आत घालते आणि झटकन दुसरीकडे. हिच्या नरांना बीळ नसतं. संध्याकाळी ते एखाद्या वाळक्या काडीवर रांगेने येतात, जबड्याने काडी पकडतात आणि तसेच लटकून झोपतात. याच गडग्याशी एक काळी, निळ्या ठिपक्यांची माशीही घुटमळताना दिसेल. ती स्वतः पराग गोळा करत नाही. अमेजिलाच्या खोलीत गुपचूप अंडं टाकते आणि तिची अळी दुसऱ्याच्या पोराचं अन्न खाऊन मोठी होते. तिचा राग येतो खरा, पण ती दिसते आहे याचा अर्थ अमेजिलाचा संसार इथे बरा चालला आहे.

[परसातली वांगी फुलोऱ्यावर.]

या साऱ्याशी आपला संबंध काय, ते वांग्याच्या फुलापाशी कळतं. त्याचे पराग उघड्यावर नसतात. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, आणि फूल जोरात हादरलं की पराग त्यातून बाहेर पडतात. नोमिया काय करते ऐका. ती कोशाला घट्ट धरते आणि पंख न फडकवता उडण्याचे स्नायू कंप पावू देते. उडतानाच्या गुणगुणीपेक्षा हा स्वर चढा असतो. अमेजिलालाही हे जमतं. पेटीतल्या सातेरीला मात्र नाही. म्हणून नुसत्या मधाच्या पेट्या ठेवून वांग्याचं काम पुरतं भागत नाही. आगशीच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं याचा आपल्याला अभिमान आहे. ज्यांच्या थरथरीने असं वांगं चांगलं धरतं, त्यांची घरं कुठे असतात हेही ठाऊक असायला हवं.

वाड्यावरच्या एका काकींनी विचारलं, "मुलांना चावल्या तर? फिनेल ओतून टाकू का?" काकी, ओतू नका. नरांना नांगीच नसते. माद्यांना असते, पण पोळं राखायचं नसल्यामुळे त्या अंगावर धावून येत नाहीत. सहसा मुठीत चिरडली तरच डंख बसेल. फिनेल मात्र माशीला मारेल आणि आतल्या पुढच्या पिढीलाही सोडणार नाही.

त्याहून मोठी भीती पेव्हरची आहे. अंगणात चिखल नको, गाडी नीट लागावी, ही गरज खरी आहे आणि कुणाला चिखलात राहा म्हणायचं नाही. पण दाराशी, गाडीच्या वाटेत पेव्हर घातले तर पुरतं. गडग्याच्या पायाशी हातभर पट्टा मातीचाच राहू द्या, त्यावर खडी पसरू नका, आणि जुन्या सांध्यांवर सिमेंट चोपडायच्या आधी सकाळी ऊन आल्यावर थोडा वेळ भोकांकडे बघा. काकींच्या घरी तुळशीच्या लग्नानंतर पेव्हर बसणार आहेत. मिस्त्रीला कुठे थांबायचं ते कळावं म्हणून त्यांनी गडग्यापासून हातभर अंतरावर चुन्याची रेघ मारून घेतली आहे.